वहिनी, तीन वर्षं मिळाली

वहिनी, झालं! तीन वर्षं मिळाली. चोपड्याची मंडळी आज सकाळी जळगावला येऊन हो म्हणून गेली. माझ्या पोरीचं, ऋतूचं, लग्न मोडलं नाही आणि दिवाळीनंतर होणारही नाही. मी त्यांना फाटकापर्यंत सोडून आलो, चप्पल काढायच्या आधी फोन काढला आणि तुझा नंबर लावला. तिकडून दादाचा आवाज आला, "बोल." तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. तू जाऊन आज बावीस दिवस झाले. तुझा फोन दादा खिशात घेऊन फिरतो हे मला माहीत आहे, पण बोटांना अजून कोणी सांगितलेलं नाही.

दादाला सांगितलं. तो "बरं झालं" एवढंच म्हणाला. पण माझं समाधान झालं नाही. ही बातमी तुझी होती. म्हणून बसून लिहितो आहे, आणि क्रमाने लिहितो आहे, नाहीतर तू म्हणणार, "भाऊ, तू शेवट पहिले सांगी टाकस." तो तर मी सांगून टाकलाच. आता मागचं.

तू आमच्या एरंडोलच्या घरात आलीस तेव्हा तू अठराची, दादा बावीसचा आणि मी अकराचा. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात आबा, दादा आणि मी, तिघेही पुरुष. स्वयंपाकघरात काय कुठे आहे हे तुला दाखवायला कोणी नव्हतं आणि आबांना विचारायची तुझी हिंमत नव्हती. तिसऱ्या दिवशी तू मला दाराआड ओढलंस आणि कुजबुजलीस, "भाऊ, हयद कोठे शे?" मी शाळेच्या वहीचं पान फाडलं आणि लिहून दिलं. वरची फळी, डावीकडून पहिला डबा हळद, दुसरा धणे, पितळी डब्यात हरभऱ्याची डाळ, तेलाच्या बरणीखाली आबांची औषधं, त्याला हात लावू नये. माझ्या आयुष्यातली ती पहिली यादी. आबांच्या नजरेला पडू नये म्हणून तू ती डाळीच्या डब्यात ठेवायचीस. आज मी चटईच्या कारखान्यात माल रवाना करायचं खातं सांभाळतो, दिवसाला दहा याद्या करतो, आणि लोक विचारतात हे वळण कोणी लावलं. काय सांगायचं त्यांना? हळदीच्या डब्यानं लावलं.

दुपारी आबा शेतात गेले की तू दाराला कडी लावून माझ्याशी सागरगोटे खेळायचीस. आणि हरायची नाहीस! आबांच्या वहाणांचा आवाज आला की सागरगोटे पदरात, पदर डोक्यावर, आणि माझ्या पुढ्यात पुस्तक. मला तेव्हा वाटायचं, मोठी माणसं अशीच असतात. तू मोठी नव्हतीसच, हे कळायला मला माझी स्वतःची मुलगी अठराची व्हावी लागली.

तरी त्यातून मी शहाणपण घेतलं ते उलटंच. तुझ्या संसाराचं उदाहरण मी वर्षानुवर्षं वाटत फिरलो. कारखान्यात कोणाच्या मुलाचं लवकर जमलं आणि कोणी नाक मुरडलं की मी पुढे. "माझ्या वहिनीचं अठराव्या वर्षी झालं. सदतीस वर्षं झाली. कधी आवाज बाहेर आला नाही." पुरावा कसा, खणखणीत! तुझ्यासमोरही दोनदा बोललो. दोन्ही वेळा तू हातातलं भांडं आदळलंस आणि मला वाटलं, तुला कौतुक आवडत नाही.

मग ऋतूचं जमलं. एकवीस वर्षांची, धुळ्याला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. प्रतीक तेवीसचा, चोपड्याचा, शेतकीची पदवी घेऊन घरची केळी बघतो. दोन वर्षांची ओळख, दोघांची पसंती, दोन्ही घरं राजी, जात आडवी नाही, पत्रिका कोणी मागितली नाही. वहिनी, असं जुळलेलं काम माझ्या हाती आजवर आलं नव्हतं! मी त्याच आठवड्यात नवी वही उघडली. मांडव, आचारी, मानपान, कोणाला गाडी, कोणाला नुसता फोन. सविता म्हणाली, "अहो, साखरपुडा तरी होऊ द्या." मी म्हटलं, दिवाळी काय लांब आहे.

अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, आम्ही एरंडोलला आलो. आबांच्या आणि आईच्या नावाने घागर भरली, डांगर ठेवलं, सांजोऱ्या ठेवल्या. तू चुलीपुढे बसून खापरावर पुरणपोळ्या करत होतीस. दोन्ही हातांवर पोळी वाढवत वाढवत कोपरापर्यंत न्यायची आणि खापरावर टाकायची, हे तुझ्याइतकं भाऊबंदकीत कोणाला जमत नव्हतं. मी उत्साहात वही वाचून दाखवत होतो. तू मध्येच म्हणालीस, "तीन वर्षं थांब."

"कशाला?"

"पोर एकवीसनी शे."

"तू अठराची होतीस! आणि तुझं टिकलं की नाही?"

तुझ्या हातातली पोळी फाटली. मी तुझ्या हातून पोळी फाटलेली त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. "लगीन अठराले व्हयनं म्हणीसन टिकनं का रे?" तू ओरडलीसच. चिडलीस की तू अहिराणीवर यायचीस आणि समजावायचं असलं की शाळेतल्या मराठीवर. फाटलेली पोळी तू माझ्याच ताटात वाढलीस आणि मराठीवर आलीस. "मी साक्रीला अकरा महिने होते, आठवतं?"

आठवत होतं. मी सोळाचा होतो. तुला कावीळ झाली म्हणून तू माहेरी गेलीस, असं आबांनी सांगितलं होतं.

"कावीळ कसली! मी परत यायचं नाही म्हणून गेले होते. पाच वर्षं झाली होती लग्नाला. तुझा दादा आबांसमोर माझ्याशी एक शब्द बोलायचा नाही. पाणी हवं असलं तरी भिंतीला सांगायचा. मी तेवीसची झाले होते, भाऊ. मला कळायला लागलं होतं की मला हे नको आहे. अठराला तेही कळत नव्हतं."

आणि मग तू सगळं सांगितलंस. दादा दर आठवडी बाजाराला एरंडोलहून निघायचा, धुळ्याला एसटी बदलायचा आणि साक्रीला यायचा. घरी सांगायचा, धुळ्याला काम आहे. तुझ्या वडिलांनी त्याला पहिल्यांदा उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. मग तुम्ही बाजारातच भेटायचात. गुळाची जिलेबी घ्यायची आणि बैलांच्या बाजाराकडे तोंड करून बसायचं. पहिले तीन बाजार तो गप्पच होता. चौथ्या बाजाराला त्याने विचारलं, तुला काय पाहिजे? पाच वर्षांत पहिल्यांदा. तू म्हणालीस, आबांसमोर माझ्याशी बोल. त्याला ते जमेल असं वाटायला आणखी कितीतरी बाजार लागले.

"जिलेबी किती खाल्ली असेल आम्ही!" तू हसलीस. "लग्न घरच्यांनी लावलं अठराव्या वर्षी. मी हो म्हटलं ते साक्रीच्या बाजारात. टिकलं म्हणतोस ना, ते तिथून टिकलं."

आणि मला तो दिवस आठवला. तू परत आलीस त्या दिवशी आबा ओसरीवर बसलेले होते, मी अभ्यास करत होतो, आणि दादा तुला सगळ्यांदेखत म्हणाला, "चहा पिशी का?" आबांनी मान वर केली. मीही केली. मला वाटलं, दादाच्या डोक्यावर परिणाम झाला! एवढीशी गोष्ट, पण तिच्यासाठी त्या माणसाने अकरा महिने एसटीचे धक्के खाल्ले होते, हे मला कळायला बत्तीस वर्षं लागली.

पण वहिनी, मी कसला! मी लगेच म्हणालो, "म्हणजे माझंच खरं. लवकर झालं, अडलं, सुटलं, टिकलं."

"सुटलं ते नशिबानं. माझा बाप हट्टी नसता तर त्याने मला दुसऱ्याच दिवशी परत पाठवलं असतं. दादाच्या जागी दुसरा असता तर एका फेरीत दमला असता. माझ्याबरोबर ज्या पोरींची लग्नं झाली, त्यांना हे मिळालं नाही. त्यांचंही टिकलंच आहे की. तुझ्या वहीत दोन्ही एकाच रकान्यात." मग खापरावरची पोळी काढत म्हणालीस, "ऋतूला तिचे अकरा महिने आधी मिळू दे."

मी ऐकलं नाही. घरी आल्यावर पंधरा दिवस आपले फोन चालले होते. तू ऋतूबद्दल एकही नवं कारण देत नव्हतीस, फक्त थांब, थांब. आणि मग त्या शेवटच्या फोनवर मी ते बोललो. मी इथे ते लिहितो, कारण टाळलं तर पुढचं काही लिहायचा मला अधिकार नाही. मी म्हणालो, "तुला लेक नाही. तुला नाही कळायचं."

तू म्हणालीस, "बरं भाऊ. जेवलास का?"

त्यानंतर नवव्या दिवशी दादाचा फोन आला.

तुझा मुलगा सागर सुरतेहून आला, त्याने सगळं नीट केलं. मी काय केलं असेल? याद्या. कोणाला कळवायचं, पाण्याचे टँकर, दहाव्याचं सामान. माझे हात चालू होते, म्हणून मी उभा होतो. बाराव्या दिवशी संध्याकाळी मी गच्चीवर सतरंज्या मोजत होतो, तर ऋतू आली. तिने माझ्या हातातून सतरंजी घेतली आणि खाली ठेवली.

"पप्पा, मोठी माय तुम्हाला थांब म्हणत होती ना? ते तिचं नव्हतं. माझं होतं."

वहिनी! ऋतू आखाजीच्या आधी तुझ्याकडे आली होती, एकटी, धुळ्याहून परस्पर. तिला प्रतीकशीच लग्न करायचं आहे, पण आत्ता नाही. तिला धुळ्याला काम मिळत होतं, वॉर्डात दोन-तीन वर्षं काढायची होती, स्वतःच्या पायावर उभं राहून मग जायचं होतं. पण आम्हा सगळ्यांचा आनंद बघून तिच्या तोंडून निघेना. पप्पांची वही साठाव्या ओळीवर गेली आहे, थांबा म्हटलं तर चोपड्याच्या लोकांना तो नकार वाटेल, प्रतीक दुखावेल. म्हणून ती तुझ्याकडे आली. माझ्याकडे नाही, तिच्या आईकडेही नाही.

आणि तू तिला म्हणालीस, "तुन्हं नाव मी लेवाव नही."

घेतलं नाहीस. मी तुला नाही नाही ते बोललो, तुझ्या संसाराचा पुरावा तुझ्याच तोंडावर फेकला, तुला लेक नाही म्हणालो, आणि तू त्या वेळी माझ्या लेकीचं गुपित पदरात बांधून बसली होतीस. एका वाक्यात माझं तोंड बंद करता आलं असतं तुला. त्याऐवजी विचारलंस, जेवलास का.

मी गच्चीवर खाली बसलो. ऋतू घाबरली. म्हणाली, "पप्पा, चुकलं का माझं?" मी म्हटलं, "तुझं नाही." मग मी रडलो, ते तुला सांगायची गरज नाही, तू मला लहानपणापासून ओळखतेस. पण खरं सांगू का? रडता रडता मला हुरूपही आला. गेले बारा दिवस मी तुझ्यासाठी नुसत्या सतरंज्या मोजत होतो. आता तुझं एक काम अर्धं राहिलेलं समोर होतं, आणि ते माझ्या हातात होतं!

काम अवघड होतं. लग्न पुढे ढकलायचं, पण ऋतूचं नाव येऊ द्यायचं नाही. चोपड्याच्या लोकांना अपमान वाटू द्यायचा नाही. भाऊबंदकीला बोलायला जागा ठेवायची नाही. मी रात्रभर काही लिहिलं नाही. सुचलंच नाही. आणि तेराव्याला, जेवणं झाल्यावर, ओसरीवर सगळे बसले असताना नानांनीच विषय काढला. नाना म्हणजे आबांचे चुलतभाऊ, नियमांचं चालतं दुकान. शेजारी प्रतीकचे वडील टोपी मांडीवर घेऊन बसलेले.

"पोरनं लगीन कव्हय मंग?" नाना म्हणाले. "चुलती गयी. तेरावं व्हयनं, सुटनं. दिवाळी नंतर उरकी टाका."

"नाना, नाही जमणार," मी म्हटलं.

"काब्र? वहिनीनं इतलं कोण पाळस?"

"माले ती वहिनी नव्हती."

"मंग काय लागे ती तुले?"

"माय."

दादा खांबाला टेकून बसला होता, त्याने माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यात हा शब्द तुझ्यासाठी कधी वापरला नव्हता. आईचा शब्द आईपाशी राहू द्यावा, असं मला वाटायचं, आणि तूही कधी मागितला नाहीस.

सगळ्यांत आधी नाना सावरले. "मंग तर आखो बरं! माय गयी तर वरीसना आत लगीन उरकानं रहास. नहीतर तीन वरीस थांबनं पडस."

"वर्षाच्या आत माझ्या दारात मांडव पडणार नाही. आईचं वर्ष मी पाळणार, आणि पुढे तुम्ही म्हणता ती तीन वर्षंही."

"आरे, वरीसबी पाळस आनि तीन वरीसबी? दोन्ही नियम एकदम लावस का तू?"

"हो. दोन्ही."

मागे कोणीतरी हसलं आणि तेरावं आहे हे आठवून खोकलं. नानांनी मान हलवली. आईसाठी कोणी जास्त पाळतो म्हटल्यावर त्याला कमी पाळ असं कोण सांगणार? प्रतीकच्या वडिलांनी टोपी डोक्यावर ठेवली. "घरात विचारून कळवतो," एवढंच म्हणाले आणि उठले.

वहिनी, पुढचे नऊ दिवस कसे गेले ते विचारू नकोस. सविताला मी सगळं सांगितलं होतं. ती रोज सकाळी चहा देताना म्हणायची, "तुटलं तर?" ऋतूने जेवण अर्धं केलं. प्रतीकशीही ती धड बोलेना. माझा कारखान्यात एक ट्रक चुकीच्या गावाला रवाना होता होता राहिला, आणि हे एकवीस वर्षांत माझ्या हातून कधी झालेलं नाही.

आज सकाळी नऊला बेल वाजली. दारात प्रतीक आणि त्याचे वडील, हातात केळीचा अख्खा घड. वडील बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "भाऊसाहेब, आम्ही केळी हिरवीच कापतो. ट्रकात घालतो, ती दिल्लीला जाऊन पिकते. वाटेत किती सडली ते आम्हाला कधी दिसत नाही. केळीचं ठीक आहे. पोरांचं तसं नको. थांबू तीन वर्षं."

मी उठलो आणि त्यांना मिठी मारली. विहिणीला नाही मारली याबद्दल सविता अजून हसते आहे. विहीण आली नव्हती एवढंच.

आणि प्रतीक! तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, मलापण घाई नव्हती. पण ऋतूने तुमच्या वहीचे फोटो पाठवले होते. त्यात वराकडची चौदा कामं होती. मी घाबरून हो म्हणालो." वहिनी, दोन पोरं एकमेकांना घाबरून लग्नाला निघाली होती, आणि त्या दोघांना घाबरवणारा मी! तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. मी तुझ्या वाटणीचंही हसलो.

आता आपला वाद. तो संपला असं समजू नकोस. लवकर झालेलं लग्न टिकतं, हे मी अजून म्हणतो. तुझं टिकलं, आणि चांगलं टिकलं, दादाचा चेहरा बघून कोणीही सांगेल. पण ते उदाहरण मी यापुढे वाटणार नाही. कोणी विचारलं तर साक्रीच्या बाजाराची हकिगत सांगेन आणि म्हणेन, एवढं करायची तयारी असेल तर खुशाल करा. नसेल तर थोडं मोठं व्हा आणि मग करा. तुला हे पुरेल का, माहीत नाही. तू "बरं भाऊ" म्हणशील आणि मनातलं मनात ठेवशील.

मंडळी गेल्यावर ऋतू माझ्याजवळ येऊन बसली. घडातलं एक केळं सोलत होती. नऊ दिवसांनी पोर मनापासून काहीतरी खात होती.

"पप्पा, एक विचारू? तेराव्याला तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात ना?"

"काय खोटं?"

"मोठ्या मायला आई म्हणालात ते."

मी म्हटलं, "तीन वर्षं तुझ्यासाठी मागितली गं. ते मात्र खरं सांगितलं."